सर्वांत वाईट किलोमीटर

पिट्सबर्गहून वॉशिंग्टनला सायकलनं जायचं तर ५३८ किलोमीटर पडतात, आणि एवढ्या अंतरात मोटारींशी गाठ पडते ती बहुतेक रस्ता ओलांडण्यापुरतीच. पहिले २४१ किलोमीटर ‘ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज’चे. बंद पडलेल्या लोहमार्गांच्या भरावावर बारीक चुनखडी दाबून केलेली ही वाट मोनोंगहेला, यॉकिगेनी आणि कॅसलमन या नद्यांच्या काठाकाठानं चढत जाते आणि डोंगर ओलांडून कंबरलंडला उतरते. पुढचे २९७ किलोमीटर चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या कडेनं, पोटोमॅक नदीला धरून, थेट वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत. सायकल सहलींची आखणी करणं हे माझं पोटापाण्याचं काम. मंडळी पुण्या-नाशिकहून जाणारी असोत की न्यू जर्सीत स्थायिक झालेली, या मार्गाबद्दल त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ट्रॅफिक नाही ना? प्रश्न रास्त आहे, पण आखणी करणाऱ्याचं त्यावर भागत नाही. कागदावर मी जो तक्ता मांडते त्यात सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधते : या मार्गाचा सर्वांत वाईट किलोमीटर कोणता आणि तो कुठं आहे? कारण पाचशे तीस किलोमीटर निवांत जंगल आणि मध्ये आठ किलोमीटर ट्रकांचा महामार्ग, असा मार्ग ‘जवळजवळ सगळा निवांत’ नसतो. तो महामार्गावर सायकल चालवू शकणाऱ्यांपुरता मार्ग असतो. बारा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या तिच्या आजी त्या आठ किलोमीटरपायी घरी राहतात, आणि त्या राहिल्या की बहुधा सगळं कुटुंबच राहतं. सरासरी कितीही चांगली असली तरी कोण येणार आणि कोण नाही, हे सर्वांत वाईट तुकडा ठरवतो.

वाईट म्हणजे फक्त गाड्यांचा, असंही नाही. चढ हा दुसरा निकष, आणि इथं या मार्गाचं खरं मर्म आहे. हिशेब साधा आहे. माणूस, सायकल आणि कॅरिअरला लावलेल्या बॅगा मिळून शंभर किलो धरले आणि वेग ताशी दहा किलोमीटर धरला, तर शंभर मीटरला एक मीटर एवढ्या चढाला साधारण सत्तावीस वॅट जास्तीची ताकद लागते. चढ शंभराला सहा झाला की हाच आकडा एकशे साठच्या वर जातो. सराव नसलेला धडधाकट माणूस दिवसभर पाऊणशे वॅटच्या आसपास काढू शकतो. म्हणजे एक टक्क्याचा चढ तो गप्पा मारत चढतो आणि सहा टक्क्यांवर उतरून सायकल ढकलतो. सोबत म्हणा, संगत म्हणा, ती या फरकावर टिकते किंवा मोडते. पसरणी किंवा आंबेनळीसारख्या घाटात जोरदार पाय आणि कमजोर पाय यांच्यातलं अंतर वळणागणिक वाढत जातं, पुढचा वर पोहोचून थंड होतो आणि मागच्याला आपण सगळ्यांना ताटकळत ठेवलं म्हणून ओशाळं वाटतं. पिट्सबर्गपासून पूर्व खंडीय जलविभाजकापर्यंत, म्हणजे ७२९ मीटर उंचीच्या माथ्यापर्यंत, दोनशे किलोमीटरमध्ये जेमतेम पाचशे मीटर चढ आहे. पलीकडे कंबरलंडकडचा उतार जास्त, अडतीस किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरच्या आसपास, पण तोही कुठं दोन टक्क्यांच्या वर जात नाही. अशा चढावर तरबेज आणि नवखा शेजारी-शेजारी चालतात. शेजारी-शेजारी, हे मुद्दाम सांगायचं, कारण रस्त्यावर गट एकामागं एक रांगेत जातो आणि पुढच्याच्या पाठीकडे बघत दिवस काढतो. मोकळ्या वाटेवर दोघं जोडीनं चालतात, आणि आपल्या लोकांना सहलीतून काय हवं असतं तर, नदी-जंगलाइतक्याच, गप्पा.

हा मंद चढ निसर्गाची देणगी आहे, असा समज सर्रास दिसतो. नद्या मंद वाहतात म्हणून वाट मंद, एवढं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आगगाडीचं. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावरची पकड इतकी थोडी की दोन-अडीच टक्क्यांचा चढसुद्धा इंजिनाच्या नाकी नऊ आणतो. आपल्या बोरघाटात सदतिसाला एक, म्हणजे २.७ टक्के चढ आहे, तर तिथं आजही गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. वेस्टर्न मेरिलँड रेल्वेनं १९१२ च्या सुमारास कंबरलंडहून कॉनल्सव्हिलकडे मार्ग काढला तेव्हा कोळशाच्या गाड्यांसाठी हेच पथ्य पाळलं : डोंगर आडवा आला की बोगदा, दरी आडवी आली की पूल. मायर्सडेलजवळचा सॉल्सबरी व्हायाडक्ट ५८२ मीटर लांब आहे; कॅसलमन नदी, चालू लोहमार्ग आणि मोटाररस्ता तिन्ही त्याच्या पोटाखालून जातात, आणि वरून जाणाऱ्या सायकलस्वाराला गिअर बदलायचीही गरज पडत नाही. कालव्याचं तर याहून सोपं. पाणी चढत नाही, म्हणून कालवा सपाटच असावा लागतो. जिथं जमीन उतरते तिथं लॉक, म्हणजे दोन दारांमधला दगडी हौद, ज्यात नाव पाण्याबरोबर वर-खाली होते. असे ७४ लॉक मिळून २९७ किलोमीटरमध्ये सुमारे १८४ मीटर उतरतात. आज सायकल चालते ती वाट नाव ओढणाऱ्या खेचरांची. ज्यानं ही वाट आखली त्याच्या डोळ्यांसमोर सायकल नव्हती, जंगलाची शोभा तर नव्हतीच. कोळसा होता आणि खेचराचं बळ होतं. थोडक्या बळात जास्त ओझं नेण्याची त्या लोकांची गरज आणि बॅगा लादलेल्या सायकलवाल्याची गरज एकच निघाली, एवढा हा योग.

आता दुसरी बाजू. गाडी बंद पडल्यावर मंद चढाचा पट्टा आपोआप उरत नाही, आणि इथंच घोडं पेंड खातं. वेस्टर्न मेरिलँडचा हा मार्ग १९७५ मध्ये बंद झाला. सायकलवाटेचा पहिला तुकडा ओहायोपाइल इथं १९८६ मध्ये खुला झाला आणि पिट्सबर्गमधला शेवटचा २०१३ मध्ये जोडला गेला. सत्तावीस वर्षं! एवढ्या काळात डोंगर फोडायचं नवं काम फारसं नव्हतं. काम होतं पट्टा सलग ठेवण्याचं, तुटला असेल तिथं सांधण्याचं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी रेल्वे कंपनीकडे जमिनीची मालकी नव्हती, फक्त गाड्या नेण्याचा हक्क होता. गाडी थांबली की हक्क संपतो आणि जमीन कडेच्या शेतकऱ्याकडे परत जाते. एकानं कुंपण घातलं, दुसऱ्यानं गोठा बांधला की शंभर किलोमीटरचा पट्टा दहा-दहा किलोमीटरच्या तुकड्यांत विखुरतो, आणि माझ्या तक्त्याच्या दृष्टीनं असे दहा तुकडे म्हणजे शून्य. यावर तोड म्हणून १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायद्यात दुरुस्ती केली : बंद होणारा मार्ग पुढंमागं पुन्हा रेल्वेला लागेल या हिशेबानं राखून ठेवायचा आणि दरम्यान त्यावर वाट करायची. पट्टा मोडत नाही, हक्क गोठवून ठेवला जातो.

कडेच्या जमीनमालकांची हरकत मला खोटी वाटत नाही. ज्याच्या आजोबांनी आगगाडीसाठी वाट दिली त्याच्या दाराशी आता परकी माणसं सायकलवरून येतात. त्याला विचारलं कुणी? सातबाऱ्यावरच्या एका ओळीसाठी तीन पिढ्या कोर्टात काढणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायला नको. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये प्रिसॉल्ट खटल्यात या कायद्याला एकमतानं मान्यता दिली, पण मालकाचं नुकसान झालं असेल तर भरपाई सरकारकडे मागण्याची वाटही मोकळी ठेवली. २०१४ मध्ये वायोमिंगमधल्या एका खटल्यात मात्र, जुन्या केंद्रीय कायद्याखाली दिलेल्या हक्काबाबत, तेच न्यायालय आठ विरुद्ध एक मतांनी जमीनमालकाच्या बाजूनं उभं राहिलं. दोन्ही निकाल एकत्र वाचले की एवढं दिसतं : पट्टा सलग ठेवणं सार्वजनिक हिताचं असेल तर त्याची किंमत सार्वजनिक तिजोरीतून जायला हवी, शेजाऱ्याच्या खिशातून नाही. भरपाईचे पैसे वाचवून केलेल्या वाटेवर पुढं कुणी तरी काटेरी तार टाकतोच.

कालव्याच्या वाटेला तर दुसराच धोका होता. चेसापीक अँड ओहायो कालव्याची सुरुवात ४ जुलै १८२८ ला झाली, कंबरलंडला तो १८५० मध्ये पोहोचला. तोवर बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे तिथं येऊन आठ वर्षं झाली होती. म्हणजे कालवा जन्मतःच म्हातारा. १९२४ च्या पुरानंतर तो बंदच पडला आणि १९३८ मध्ये सरकारनं विकत घेतला. पुढं याच पट्ट्यावरून मोटारींसाठी निसर्गरम्य रस्ता काढायचा बेत झाला आणि वॉशिंग्टन पोस्टनं अग्रलेख लिहून त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिलं : माझ्याबरोबर चालून बघा, मग बोला. मार्च १९५४ मध्ये कंबरलंडहून निघून आठ दिवसांत ते वॉशिंग्टनला पोहोचले, सोबत निघालेल्या कित्येकांनी वाटेतच माघार घेतली, पण वृत्तपत्रानं आपलं मत बदललं. १९७१ मध्ये हा पट्टा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. डग्लस यांचं शहाणपण मला दिसतं ते सबंध अंतर चालण्यात. छान दिसणारा एखादा मैल दाखवून त्यांना भागवता आलं असतं. मग मोटाररस्तेवाल्यांनी तो मैल राखून बाकीचा घेतला असता.

सलगपणा तुटला की काय होतं याचं उदाहरण याच वाटेवर आहे. बिग स्लॅकवॉटर नावाच्या जागी खेचरांची वाट कड्याच्या पायथ्याशी, नदीच्या पाण्याला लागून जाते. पुरांनी ती वारंवार खरवडून नेली आणि १९९६ च्या पुरांनंतर तो काही किलोमीटरांचा तुकडा वापरण्याजोगा राहिला नाही. २०१२ मध्ये काँक्रीटची वाट बांधून तो पुन्हा जोडला गेला तोवर सगळ्यांना अरुंद, वळणावळणाच्या मोटाररस्त्यावरून फेरा घ्यावा लागे. दोनशे सत्त्याण्णवातले ते चार-पाच किलोमीटर, पण लहान मुलं बरोबर असणाऱ्या कुटुंबापुढं सोळा वर्षं तेवढेच उभे होते. याच्या उलट पॅसेजवरच्या पिंकर्टन बोगद्याचं. तो २०१५ पर्यंत बंद होता, पण नदीच्या वळणाला धरून जाणारा फेरा बिनमोटारीचाच होता, त्यामुळं अंतर वाढलं एवढंच. कुणी गळलं नाही. तिसरा नमुना बिग सॅव्हेज बोगद्याचा. हा एक किलोमीटर लांबीचा बोगदा हिवाळ्यात दोन्ही तोंडांना दारं लावून बंद करतात, कारण झिरपणारं पाणी गोठून अस्तर फोडतं. दारं बंद असताना डोंगरावरून रस्त्यानं जावं लागतं, आणि मंद चढाचं सगळं गणित त्या एका दारापाशी संपतं. हिवाळ्यात कालव्याच्या मुक्कामांवरच्या हापशांचे दांडेही काढून ठेवतात. तक्त्यात या दोन तारखा आधी भरायच्या आणि मग विमानाची तिकिटं बघायची. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा असतो.

यावर अनुभवी सायकलवाले म्हणतात की अशी वाट कंटाळवाणी असते : झाडांचा बोगदा, तोच वेग, तोच आवाज, ना घाट ना दमछाक. याला सायकलटूर काय म्हणायचं? हरकत वरवरची नाही, आणि तिला शरीराचा पुरावाही आहे. चढ-उताराच्या रस्त्यावर माणूस चढावर उभा राहतो, उतारावर पाय सोडतो, बूड हलतं, हाताची पकड बदलते. सपाट वाटेवर उतार असा मिळतच नाही. सहा-सहा तास तेच पेडल, सीटवर तीच हाडं. नवख्यांना मांड्यांचं दुखणं अपेक्षित असतं. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी दुखते ती बैठक आणि बधिर होतात त्या करंगळ्या. म्हणून मी दर तीन-चार किलोमीटरला अर्धं मिनिट उभ्यानं पेडल मारायला सांगते आणि चढाचा जोर वाचला म्हणून रोजचं अंतर वाढवत नाही. वाट सपाट असली तरी पृष्ठभाग सारखा नसतो, हेही खरं. चुनखडीची वाट पावसात करड्या लापशीसारखी होते, ती चेनवर बसते आणि ब्रेकची रबरं खाते. कालव्याच्या वाटेवर जिथं अजून जुनी माती आहे तिथं चिखल मडगार्ड आणि टायरच्या फटीत इतका घट्ट भरतो की चाक फिरायचं थांबतं. फट बोटभर तरी हवी, नाही तर मडगार्ड घरी ठेवावं. पॉ पॉ बोगदा साडेनऊशे मीटरचा, सुमारे साठ लाख विटांचा आणि बिनदिव्यांचा. कठड्याला धरून, टॉर्च लावून, सायकल हातात घेऊन जायचं. तेव्हा कंटाळा म्हणण्याइतकं हे सोपं नाही. पण मूळ मुद्दा वेगळा आहे. ज्याला घाट हवा त्याच्यासाठी जगात घाटांची वाण नाही. ज्याला घाट झेपत नाही त्याला आठ दिवस सायकलवर राहायचं असेल तर जागा किती आहेत? सरावलेल्यांच्या चवीनं मार्ग तोलायचा तर आपण भीमसेनांच्या मैफलीसाठी मुलांचा गाण्याचा वर्ग बंद करतो आहोत.

माणसं भेटत नाहीत, हा आक्षेप मात्र मला पटत नाही. कॉन्फ्लुअन्स, रॉकवुड, मायर्सडेल ही कोळशाच्या आणि आगगाडीच्या जिवावर वाढलेली गावं, आणि वाट त्यांच्या जुन्या स्टेशनांपाशीच जाते. महामार्ग गावाला वळसा घालून जातो. लोहमार्ग गावात शिरतो.

याहून अवघड प्रश्न जॉन फॉरेस्टर यांच्या परंपरेतला आहे. १९७० च्या दशकात ‘इफेक्टिव्ह सायकलिंग’ लिहिणाऱ्या फॉरेस्टर यांचं म्हणणं असं, की सायकल हे वाहन आहे आणि सायकलस्वारानं वाहनचालकाप्रमाणेच रस्त्यावर हक्कानं चालावं. त्याला वेगळ्या वाटेवर धाडलं की रस्ता कायमचा मोटारींच्या नावावर होतो. यात तथ्य आहे, आणि शहरातल्या रोजच्या जाण्यायेण्याबद्दल तर पुष्कळ आहे. नदीकाठची सुंदर वाट दाखवून शाळेच्या रस्त्याचं काम टाळणारे नगरसेवक आपल्याला नवे नाहीत. पण फॉरेस्टर यांच्या युक्तिवादात सायकलस्वार म्हणून जो माणूस उभा आहे तो चपळ आहे, निर्भय आहे, वेगात आहे. माझ्या यादीतली निम्मी माणसं तशी नसतात. सायकल चाळीस वर्षांनी पुन्हा हातात घेतलेल्या बाईला आधी रहदारीत हक्क गाजवायला सांगणं म्हणजे पोहायला शिकण्यासाठी भरतीत ढकलणं. शिवाय पाचशे किलोमीटरच्या प्रवासात कुठल्याही रस्त्यावर ‘हक्कानं’ चालून ताण जात नाही. पाठीमागून येणाऱ्या प्रत्येक आवाजाकडे कान लागलेला असतो, आणि दिवसअखेर पायांआधी मान दमते.

मग महाराष्ट्रात का नाही, हे ओघानं येतंच. विदर्भातली शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज, कापसासाठी घातलेली आणि आता थांबलेली. तिच्या पट्ट्यावर सायकलवाट करा, असं सुचवणारे भेटतात. मला ते बरोबर वाटत नाही. तिथल्या लोकांची मागणी रेल्वेची आहे, ब्रॉडगेजची आहे, आणि ज्यांना आधी गाडी हवी त्यांच्या पट्ट्यावर पाहुण्यांनी सायकलींचा हट्ट धरू नये. पट्टा मात्र अतिक्रमणापासून सलग राखावा, म्हणजे पुढं जे काही यायचं ते येऊ शकेल. १९८३ च्या त्या दुरुस्तीतला शहाणपणाचा भाग तोच आहे. अभयारण्यांतून वाट काढण्याच्या कल्पनेलाही माझा विरोध आहे. अ‍ॅलेगेनीच्या जंगलात वाट आली ती आगगाडीनं साठेक वर्षं आधीच वापरलेल्या भरावावर. वाघाच्या जंगलात नवा भराव घालणं ही निराळी गोष्ट. राहता राहिले कॅनॉलचे रस्ते. देशावर नीरा, गोदावरी, प्रवरा यांच्या कालव्यांना लागून देखभालीचे रस्ते आहेत, कालव्याइतकेच सपाट. अडचणी ठाऊक आहेत : वेड्या बाभळीचे काटे, जागोजागी तुटलेल्या मोऱ्या, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या. यातली एकही अडचण डोंगराएवढी नाही, पण एखादी मोरी तुटलेली राहिली की सर्वांत वाईट किलोमीटर तोच.

पिट्सबर्ग-वॉशिंग्टनच्या तक्त्यात आज मला सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या दिवसाला द्यावा लागतो. जॉर्जटाउनमध्ये कालव्याची वाट विटांची आणि अरुंद होते, रस्ते आडवे येतात, माणसांची गर्दी असते. म्हणून बरेच जण अलीकडेच फ्लेचर्स कोव्हपाशी शेजारच्या कॅपिटल क्रेसेंट ट्रेलवर येतात. तोही जुना लोहमार्गच, डांबरी केलेला. कालव्याचा शून्य मैलाचा दगड एका बोटक्लबच्या मागं, नदीच्या काठाशी आहे, आणि पाटी शोधत बसलं तर सापडत नाही. तिथून परतीची गाडी मिळते त्या युनियन स्टेशनपर्यंत पाच-सहा किलोमीटर शहर आहे. आठ दिवस हॉर्न न ऐकलेली माणसं, लादलेल्या सायकली, संध्याकाळची वेळ. म्हणून शेवटच्या मुक्कामाहून सगळ्यांना पहाटेच काढायचं, दगड दुपारच्या आत गाठायचा आणि स्टेशनाकडे नॅशनल मॉलच्या रुंद पायवाटांवरून जायचं, असं मी तक्त्याच्या तळाशी लिहून ठेवते. आणि त्याखाली, ज्यांना तेही नको असेल त्यांच्यासाठी, सायकल नेणाऱ्या टॅक्सीची सोय.